नीरा कालव्याकाठचे ‘ऐंशीचे दशक’ : दूरदर्शनवरील साहसमालिका, नाण्यांचे खेळ आणि स्मरणरंजन

‘नॉस्टॅल्जिया’ ह्या शब्दासाठी मराठीत दोन प्रतिशब्द रूढ आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. ‘स्मरणरंजन’ ह्या शब्दात सुख आहे, ‘गतकातरता’ ह्या शब्दात दुखणे आहे. मूळ शब्द दुखण्याचाच होय. १६८८ साली बाझल येथे योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडविला, तेव्हा परमुलखात राहून घराच्या ओढीने खंगत जाणाऱ्या माणसांचा रोग त्याला अभिप्रेत होता. मराठीने ह्या रोगाला एका बाजूने रंजनाचे नाव दिले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला कुतूहलाची वाटावी अशी आहे. दूरदर्शनच्या ऐंशीच्या दशकाविषयी अलीकडे जे आठवणवजा लेखन होते, ते जवळजवळ सर्वच ह्या दुसऱ्या नावाखाली येते. त्यात रविवारची सकाळ असते, ‘स्टार ट्रेक’, ‘जायंट रोबो’, ‘ही-मॅन’ आणि ‘स्ट्रीट हॉक’ असतात, पाठोपाठ रुपयाच्या नाण्यावर चालणारे व्हिडिओ गेम येतात, आणि हे सारे एका संपूर्ण पिढीचे सामायिक बालपण होते असे गृहीत धरलेले असते. हे बालपण कोठले, नेमके कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या भाषेतले, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

ते विचारण्यासाठी अंथुर्ण्याचा परिसर सोयीचा आहे. इंदापूर तालुक्यातील हे गाव बारामती–इंदापूर रस्त्यावर, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वसलेले आहे. हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि त्याच्या पाण्यावर पुढे ऊस आला. जवळच वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला व त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे भवानीनगरला सहकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे हा प्रदेश मागासही नव्हे आणि शहरही नव्हे. उसाचे बिल हाती आले की नवी वस्तू घरात येऊ शकते, परंतु ती वस्तू चालेलच अशी हमी नाही, असा हा मुलूख आहे.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे होते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. सिंहगड ते अंथुर्णे हे अंतर सरळ रेषेतही शंभर किलोमीटरांहून कमी नाही. उच्चशक्ती प्रक्षेपकाचा पल्ला साधारणपणे जेथे विरू लागतो, तेथेच हा भाग येतो. घरावर उंच नळी, तिच्या टोकाला अँटेना, खाली संचाजवळ बूस्टर. एकाने छपरावर चढून अँटेना फिरवावी, दुसऱ्याने खालून ‘आला, आला… गेला’ असे ओरडावे, हा त्या काळातील काठावरच्या गावांचा सार्वत्रिक अनुभव आहे. चित्राच्या जागी पडद्यावर जे लुकलुकणारे ठिपके दिसत, त्यांना मराठी माणसाने ‘मुंग्या’ म्हटले. इंग्रजी भाषक त्यांना बर्फ म्हणतो. ज्याला जे परिचित त्याने ते नाव दिले, आणि मराठी नाव अधिक अचूक आहे असेच म्हणावे लागेल, कारण बर्फ पडतो आणि मुंग्या वळवळतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. १९८२ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट–१ब हा उपग्रह अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानातून अवकाशात गेला, आणि १९८४ साली काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा लघुशक्ती प्रक्षेपक उभा राहिला. ह्या लहान प्रक्षेपकांवर प्रारंभी उपग्रहामार्गे येणारा दिल्लीचा कार्यक्रमच दाखविला जाई. परिणामी महाराष्ट्रातील ग्रामीण प्रेक्षकापुढे एक चमत्कारिक निवड उभी राहिली. सिंहगडाकडे तोंड केलेल्या अँटेनावर मुंबईची मराठी यावी, परंतु मुंग्यांसह. जवळच्या लघुशक्ती प्रक्षेपकावर दिल्लीची हिंदी यावी, आणि ती स्वच्छ. ‘किलबिल’ किंवा ‘आमची माती आमची माणसं’ ज्या भाषेत होते, ती भाषा अंधुक आणि राष्ट्रीय साहसाची भाषा सुस्पष्ट, अशी ही तांत्रिक विभागणी होती. भाषिक धोरणाच्या चर्चेत प्रक्षेपकाच्या शक्तीचा हिशेब सहसा घेतला जात नाही. तो घेतला पाहिजे.

ह्या विभागणीचे सर्वांत बोलके उदाहरण बनेश फेणे याचे आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी घडविलेला हा सायकलस्वार मुलगा फुरसुंगीचा, म्हणजे पुण्याच्या पूर्वेस कालव्याच्याच मुलखातला. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या ह्या लेखकाने परदेशी साहसकथेचा साचा घेतला, पण त्यात ओतलेले धातुद्रव्य सर्वस्वी देशी होते. ऐंशीच्या दशकात ‘फास्टर फेणे’ दूरदर्शनवर आला, सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली, आणि फुरसुंगीचा मुलगा हिंदीत बोलू लागला. इंदापूर तालुक्यातील मुलांपर्यंत आपल्याच जिल्ह्यातील नायक दिल्लीमार्गे, दुसऱ्या भाषेत पोहोचला. ह्यात दोष काढण्याचे कारण नाही. मालिका हिंदीत झाली म्हणूनच ती देशभर गेली. तथापि ‘आमच्या बालपणीचा मराठी फेणे’ असा जो सरसकट उल्लेख होतो, तो पुस्तकाच्या आणि पडद्याच्या फेण्याची गल्लत करतो.

साहसाची भूक दूरचित्रवाणीने निर्माण केली असेही नाही. नाथमाधवांचे ‘वीरधवल’, बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गावोगाव फिरणारे तंबूतले सिनेमे, तमाशाचे वग यांनी ती पूर्वीच जोपासली होती. नवे होते ते वेळापत्रक. अमुक वारी अमुक वाजता, न चुकता, आणि वीज असली तर.

आता वर्षांचा प्रश्न. ज्या मालिकांना आज ‘ऐंशीच्या दशकातील’ म्हटले जाते, त्यांपैकी ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत १९६६ ते १९६९ मध्ये प्रक्षेपित झाली होती. ‘जायंट रोबो’ ही जपानच्या तोएई कंपनीची १९६७–६८ ची निर्मिती होय. ‘स्ट्रीट हॉक’ मात्र खरोखर त्याच दशकाची: अमेरिकेत १९८५ साली तिचे अवघे तेरा भाग झाले आणि ती बंद पडली. मायदेशी अल्पायुषी ठरलेली ही मोटारसायकल भारतात अजून स्मरणात धावते आहे. म्हणजे भारतीय मुलाने १९८० नंतर जे भविष्य पाहिले ते बहुतांशी वीस वर्षे जुने भविष्य होते. ‘स्पेस सिटी सिग्मा’सारखा देशी प्रयत्नही ह्याच जुन्या भविष्याच्या सावलीत वाढला. जाता जाता नमूद करण्याजोगे म्हणजे, अंथुर्ण्याजवळच्या वालचंदनगरात भारतीय अवकाश कार्यक्रमातील प्रक्षेपकांची मोटार-कवचे सत्तरच्या दशकापासून घडत आली आहेत. पडद्यावरील पुठ्ठ्याचे अवकाशयान आठवणींच्या लेखात येते. शेजारच्या कारखान्यातील पोलाद येत नाही.

खेळांच्या बाबतीत काळाची फारकत उलट्या दिशेची आहे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जपानमध्ये १९७८ साली आला, ‘पॅक-मॅन’ १९८० साली. मुंबई–पुण्याला असे यंत्र लवकर दिसले असेल, परंतु तालुक्याच्या गावी व्हिडिओ गेम पार्लर ही संस्था मुख्यतः नव्वदच्या दशकातली. घरच्या दूरदर्शनसंचाला जोडावयाचे स्वस्त खेळयंत्रही तेव्हाचेच. ते निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधील यंत्राची नक्कल होते. ‘कॅसेट’ अडली की तिच्यात फुंकर मारावयाची, ही विद्या मुले एकमेकांकडून शिकत.

ह्या खेळांपैकी मराठी मुलखात सर्वाधिक गाजलेला बहुधा ‘मुस्तफा’ होय, आणि ह्या नावाचा खेळ जगात कोठेही निघालेला नाही. कॅपकॉम कंपनीच्या १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ ह्या खेळात चार पात्रे निवडता येत. त्यांतील मुस्तफा कायरो ह्या एका पात्राचे नाव भारतीय मुलांनी उचलले आणि सबंध खेळाला दिले. इंग्रजी नाव उच्चारास अवघड, आणि हे नाव कानाला आधीच ओळखीचे: अंशाने पूर्णाचा बोध करून देणाऱ्या लक्षणेचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. व्याकरणाच्या दृष्टीनेही ही यंत्रे उपेक्षणीय नाहीत. ‘लाइफ’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला, ‘एक लाइफ गेली’ असा. आणि पात्र कोसळताच खेळाडू ‘तो मेला’ असे न म्हणता ‘मी मेलो’ असे म्हणू लागला. प्रथमपुरुषी एकवचनात, भूतकाळात हे क्रियापद खरेपणाने वापरण्याची सोय मराठीला त्यापूर्वी भुताच्या गोष्टीपलीकडे फारशी नव्हती.

वडीलधाऱ्यांनी मात्र ह्या पार्लरांकडे मटक्याच्या शेजारची जागा म्हणून पाहिले, आणि ती केवळ ग्रामीण भीती नव्हती. १९९५ साली एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या व्यवसायास परवान्याचे बंधन उचित ठरविले, आणि त्यात काही खेळांत कौशल्यापेक्षा दैवाचा भाग अधिक असल्याचा विचार होता. स्मरणरंजनात हा छडीचा भाग विनोद म्हणून उरतो. ज्याच्या खिशातील रुपया दूध आणण्यासाठी दिलेला होता, त्याला तो तेव्हा विनोद नसावा.

सर्वांत मोठी विस्मृती मात्र जागेची आहे. त्या काळच्या बोलीत ‘टीव्ही लावणे’ यापेक्षा ‘टीव्ही बघायला जाणे’ हा प्रयोग स्वाभाविक होता. ‘जाणे’ हे क्रियापद सांगते की संच दुसऱ्याच्या घरी होता: ग्रामपंचायतीत, बागायतदाराच्या वाड्यात, क्वचित ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा लहानसा कृष्णधवल. घरात कोण बसले, उंबऱ्यावर कोण आणि खिडकीबाहेर उभे कोण, हे जातीने, जमिनीने आणि बाईमाणसाच्या कामाच्या वेळेने ठरत असे. ह्याच पट्ट्यात गळिताच्या हंगामात बीड–नगरकडून ऊसतोडणीसाठी येणारी कुटुंबे कारखान्याभोवती कोप्यांत राहत आली आहेत. त्यांची मुलेही त्याच ऐंशीच्या दशकातली. आज आठवणी लिहिणारा वर्ग हा आत बसलेल्यांचा आहे. बाहेर उभ्या असलेल्याने पाहिलेली मालिका तीच असली तरी आठवण ती नव्हे, आणि तिला ‘रंजन’ हा शब्द लावता येईल की ‘कातरता’, हे त्यालाच विचारावे लागेल. अशी माणसे आज पन्नाशीच्या आसपास आहेत. कालव्याकाठच्या गावांत आणि त्यांच्या मूळ गावांत जाऊन त्यांची निवेदने ध्वनिमुद्रित करण्याचे काम कोणत्याही विभागास दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांत करता येण्याजोगे आहे.

२०२२ च्या सुमारास दूरदर्शनने देशातील बहुतेक जुने भूप्रक्षेपक बंद केले. अंकीय संदेशाचा स्वभाव वेगळा: चित्र येते किंवा येत नाही, अडले तर चौकोनी तुकडे होऊन थिजते. त्यात मुंग्या नसतात. तरी हात-पाय बधिर झाला की मराठी माणसाला मुंग्या येतच राहतात. पडद्यावरच्या मुंग्या तेवढ्या शब्दकोशात नोंद होण्यापूर्वीच गेल्या.