मिरास, वारस आणि हक्कसोड



गेल्या आठवड्यात नातू पेपर वाचता वाचता म्हणाला, "आजोबा, मिरासदारी म्हणजे काय हो?" बातमी कुठल्याशा पुढाऱ्याच्या भाषणाची होती. सहकारातली मूठभर घराण्यांची मिरासदारी मोडून काढू, असं काहीतरी. मी मास्तरी सवयीने "मक्तेदारी" असा एका शब्दात अर्थ सांगून मोकळा झालो. पण तो अर्धा अर्थ झाला, आणि तोही अलीकडचा. मग दोन दिवस तो शब्द काही डोक्यातून जाईना.

तुम्हाआम्हाला मिरासदार म्हटलं की द. मा. आठवतात. पण आडनाव होण्याआधी तो एक हक्क होता, आणि साधासुधा नव्हे. मूळ शब्द अरबी, 'मीरास'. अर्थ वारसाहक्क, वडिलांकडून मुलाला आलेलं. गंमत अशी की आपला 'वारस' हा शब्दही त्याच अरबी धातूतून निघालेला. वारसा, विरासत, मिरास ही सगळी सख्खी भावंडं. पंजाबात वंशावळ्या तोंडपाठ ठेवून गाणाऱ्या गवयांची 'मिरासी' नावाची जात आहे, तेही याच कुळातले. तंजावूरकडे अजूनही मोठ्या जमीनदाराला 'मिरासुदार' म्हणतात. म्हणजे एका शब्दाने कुणाला शेत दिलं आणि कुणाला गाणं!

आमच्या देशावरच्या खेड्यात शेती करणारे दोन प्रकारचे असत. एक मिरासदार, दुसरा उपरी. मिरासदार म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा धनी. सरकारचा सारा भरत राहिला तर त्याला कुणी उठवू शकत नसे. त्याला जमीन विकता येई, गहाण टाकता येई. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, सरकारी किंवा पड जमीन कौलाने करणारा. आज आहे, उद्या बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी. आपण आज 'उपरा' म्हणतो तो हाच. मराठीत तो शब्द नुसता कुळाचा प्रकार राहिला नाही, मनाची एक अवस्था झाला.

मिरासदाराला 'थळकरी' असंही नाव होतं. गावची जमीन मूळ घराण्यांच्या नावाने थळांत वाटलेली असे आणि त्याची नोंद 'थळझाडा' नावाच्या कागदात असे. एखादं घराणं नष्ट झालं, परागंदा झालं, तरी थळाचं नाव बदलत नसे. त्या जमिनीला 'गतकूळ' म्हणत. दुष्काळात गाव सोडून गेलेल्या मिरासदाराचा वंशज पुष्कळ वर्षांनी परत आला आणि आपली ओळख पटवू शकला, तर गाव त्याचा हक्क मानत असे. विचार करा, माणूस नाही, घर पडलेलं, पण जमीन त्याच्या नावाने वाट बघते आहे. आणि या मानाची किंमतही होती. मिरासदाराकडून दर तीन वर्षांनी 'मिरासपट्टी' नावाचा जादा कर घेत.

पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी इंग्रज डॉक्टर कोट्स याने पेशवाई बुडाल्यावर लगेच केली होती. तीत हे थळकरी भेटतात. पुढे सव्वाशे वर्षांनी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला. ज्यांना वाचायची हौस आहे त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

मिरास नुसती जमिनीचीच नव्हे. जोशीपण, पाटीलकी, बलुतं, हेसुद्धा मिरास असे. तंटा झाला की गोतसभा बसे. साक्षी होत आणि निवाड्याचा कागद, 'महजर', लिहिला जाई. सही येत नसलेला पाटील खाली नांगर काढी, इतर आपापल्या धंद्याचं हत्यार. पुरावा संपला तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात बांधून ठेवायचा, आणि फोड आला नाही तर मिरास तुझी! वर्गात हे सांगितलं की मुलं हात चोळायची.

राज्यकर्त्यांना मात्र ही मंडळी डोईजड वाटत. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे दाय, वारशातला वाटा मागणारा. म्हणजे भाऊबंदच! वतनदाराला नाराज करू नये आणि मोकळंही सोडू नये, असा त्यांचा एकूण सूर. भाऊबंदकीचा अनुभव असलेल्या कोणालाही हा सल्ला पटेल.

इंग्रज आले तेव्हा एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात मिरासदारांची मोठी दखल घेतली. पण पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली आणि मिरासदार-उपरी हा भेद हळूहळू पुसला गेला. जो मोजणी नंबरचा सारा भरील तो कब्जेदार, मग आजोबा कुणाचे का असेनात. उपऱ्यासाठी ही चांगली गोष्ट झाली, हे मान्य केलं पाहिजे. मिरासदाराचं मात्र मानाचं पान गेलं. त्याच हक्काला जप्तीची आणि सावकाराचीही वाट मोकळी झाली, ती कथा वेगळी आहे. आज आपल्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार' असं लिहिलेलं असतं. सात म्हणजे गाव नमुना सात, हक्काचा, आणि बारा म्हणजे पिकांचा. मिरास हा शब्द कागदावरून उठला आणि भाषणात जाऊन बसला.

असो. इथपर्यंत लिहून थांबणार होतो. पण जुन्या मिरासपत्रांत एक ठराविक वाक्प्रयोग येतो, 'लेकुराचे लेकुरी'. म्हणजे ही जमीन तू आणि तुझ्या लेकरांच्या लेकरांनी खावी. वाचायला किती गोड! पण लेकरू म्हणजे मुलगा, हे लिहिणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं आणि ऐकणाऱ्यालाही.

घरच्या वाचकांना माहीत आहे, आमची वडिलोपार्जित जमीन नऊ एकर. आई आधीच गेलेली. वडील १९७९ साली गेले. आम्ही दोघे भाऊ, आणि अक्का सगळ्यांत थोरली, तिचं लग्न १९६८ सालीच झालेलं. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मतःच, मुलीचा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला. आमच्या बाबतीत हिशोब सोपा होता. नऊ एकरांचे तीन वाटे, वडील आणि दोन मुलगे. वडिलांच्या तीन एकरांचे पुन्हा तीन भाग. म्हणजे आम्हा भावांना चार-चार एकर आणि अक्काला एक.

त्या एका एकराचं हक्कसोडपत्र अक्काने १९८० साली करून दिलं. रजिस्टर कचेरीत पायऱ्यांवर बसलो होतो, ऊन होतं, मी उसाचा रस आणून दिला. तिने विचारलं, "यात काय लिहिलंय रे?" मी म्हणालो, "काही नाही, सातबारा साफ होतो." तेव्हा मी सात वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होतो. समानतेचा हक्क हा धडा दरवर्षी जूनमध्येच घ्यायचो, म्हणजे परीक्षेपर्यंत मुलांची उजळणी होते. तिला आम्ही साडीचोळी केली. आमची वाटणीही त्याच वर्षी रजिस्टर झाली.

पुढे महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मतः हक्क दिला, पण २२ जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो २००५ साली आला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने वडील तेव्हा हयात नसले तरी चालेल असंही सांगितलं. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर झालेल्या वाटण्या कायद्याने तशाच ठेवल्या आहेत. प्रत्येक वेळी पेपर वाचताना मी आधी तारीख बघत असे, हे आता लिहायला हरकत नाही. आणि प्रत्येक वेळी सुटका झाल्यासारखं वाटे, हेही लिहितो.

'हक्क' हा शब्दही अरबीच. त्याचा मूळ अर्थ सत्य, खरं ते. परवा कोशात बघताना हे वाचलं आणि हक्कसोड हा शब्द मला नीट वाचता येईना.

रविवारी अक्काला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. एक एकर तुझ्या नावाने बक्षीसपत्र करतो म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "विहिरीकडचा देणार का रस्त्याकडचा?"

मी हसलो, पण तिने गंमत केली नव्हती. विहिरीकडचा एकर धाकट्या भावाच्या वाट्याला गेला आहे. माझ्याकडे आहे तो रस्त्याकडचा. वकिलांकडे शुक्रवारी जायचं ठरलं आहे, तुकडेबंदीचा कायदा आड येतो का तेही बघायचं आहे. त्याआधी भावाशी बोलायला हवं. त्याला हा लेख वाचायला पाठवतो आहे, म्हणजे निदान सुरुवात मला करावी लागणार नाही.