सहलीचा कॅमेरा आणि आयर्लंडचा इतिहास



आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, सुटीच्या दिवशी हौसेने काढलेल्या फोटोंचा आणि इतिहासाचा संबंध तो काय? इतिहास म्हटला म्हणजे दप्तरे, सनदा, तहनामे. ही शंका रास्त आहे. म्हणून आरंभी एका दप्तरखान्याचीच हकीकत सांगतो.

१९२२ साली आयर्लंडला नुकतेच स्वराज्य मिळाले होते आणि तहाच्या अटींवरून कालचे सहकारी एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. डब्लिन शहरात फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात तहविरोधकांनी ठाण मांडले. नव्या सरकारच्या फौजेने त्यावर तोफा डागल्या, आणि ३० जून रोजी प्रचंड स्फोट होऊन आवारातला सरकारी दप्तरखाना जळाला. शतकानुशतकांच्या कागदांची राख झाली. १८२१ ते १८५१ या काळातील चार खानेसुमाऱ्यांचे मूळ तक्ते बहुतेक सारे त्यात गेले. १८६१ व १८७१ चे तक्ते सरकारनेच पूर्वी नष्ट केले होते; १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत गेले होते. पूर्णपणे उरले ते १९०१ व १९११ चे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला सामान्य आयरिश माणूस कागदावरून जवळजवळ पुसला गेला. निदान शतकअखेरीचा तरी माणूस कसा दिसे, कसा चाले, काय नेसे, हे पाहायचे तर कोठे पाहावे? त्याचे पुष्कळसे उत्तर सहलीला निघालेल्या हौशी माणसांच्या कॅमेऱ्यांत सापडते.

डब्लिनमध्ये छायाचित्रणाची संस्था निघाली १८५४ साली. योगायोग असा की, त्याच वर्षी मुंबईतही अशी संस्था निघाली आणि आपले डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद होते. परंतु त्या काळी ही हौस गरिबाला परवडणारी नव्हती. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले आहे तोवर चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ते धुवायचे. रानात जायचे तर काळोखा तंबू बरोबर न्यायचा! बर येथील किल्ल्यात काउंटेस ऑफ रॉस ही उमराव स्त्री उत्तम चित्रे घेत असे. तिला वेळही होता आणि पैसाही होता. पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ साली कोडॅकचा गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा आला आणि १९०० साली ब्राउनी हा पेटीवजा कॅमेरा अवघ्या पाच शिलिंगांना मिळू लागला.

कॅमेरा हलका झाला, आणि वाट तर आधीच सोपी झाली होती. डब्लिनहून किंग्जटाउनची आगगाडी १८३४ पासून धावत होती. १८५४ साली रेल्वे ब्रे या समुद्रकाठच्या गावी पोचली. १९०१ साली हौथच्या टेकडीवर ट्राम चढली. सकाळी निघावे, कड्यावर फिरावे, समुद्रकाठी फराळ करावा आणि दिवेलागणीला घरी यावे, हे कारकुनालाही शक्य झाले.

आता धंदेवाईक आणि हौशी यांतला फरक पाहा. डब्लिनच्या विल्यम लॉरेन्सच्या दुकानासाठी रॉबर्ट फ्रेंच हा छायाचित्रकार देशभर हिंडला. त्या दुकानाच्या सुमारे चाळीस हजार काचा राष्ट्रीय ग्रंथालयाने १९४३ साली ३०० पौंडांना घेतल्या. तो ठेवा अमोल आहे. पण लॉरेन्सला चित्रे विकायची होती. म्हणून धबधबा, चर्च, मोठा रस्ता, जे गिऱ्हाईक मागेल ते आधी. जे. जे. क्लार्क हा मॉनहन परगण्यातून डब्लिनला वैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी. १८९७ ते १९०४ या वर्षांत त्याने रस्त्यांतून हिंडत चालती माणसे टिपली. जॉइसने आपली जगप्रसिद्ध कादंबरी १९०४ मधील एका दिवसावर रचली. त्या शहराची चालचलणूक पाहायची तर क्लार्कची चित्रे पाहावीत. त्याला कोणाला काही विकायचे नव्हते, म्हणून त्याने जे दिसले ते घेतले.

तरी हौशी माणसाचीही नजर निर्लेप नसते. नाटककार सिंग १८९८ पासून पश्चिमेकडील आरान बेटांवर जाई. हा प्रवास एका दिवसाचा नव्हे, पण हौस तीच. तेथला एक तरुण म्हणाला, माझा फोटो गॉलवेहून आणलेल्या रविवारच्या कपड्यांत घ्या. सिंगला हवे होते घरी विणलेले जाडेभरडे कपडे! दोघांचे भांडण व्हायचे तेवढे राहिले. ही हकीकत सिंगने स्वतःच १९०७ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. पाहुण्याला जुनेपण मोहक वाटते. त्या पोराला मात्र त्या जुनेपणातून सुटायचे असते. असे चित्र हाती आले की, कपडे कोणी निवडले, हे इतिहासकाराने विचारलेच पाहिजे.

आणि कॅमेरा जेथे गेला नाही तेही पाहिले पाहिजे. डब्लिनमध्ये उमरावांच्या जुन्या वाड्यांतून हजारो कुटुंबे एकेका खोलीत राहत. तिकडे सहल कोण काढणार? २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटमधली अशी घरे कोसळून सात माणसे मेली, तेव्हा सरकारी चौकशी बसली आणि त्या चौकशीच्या निमित्ताने त्या खोल्यांचे व बोळांचे फोटो घेतले गेले. सात जीव गेल्यावर कॅमेरा त्या गल्लीत शिरला!

शेवटी फादर फ्रान्सिस ब्राउन यांच्याविषयी सांगतो. जन्म १८८०, कॉर्क शहर. बिशप असलेल्या चुलत्याने त्यांना १८९७ साली कॅमेरा भेट दिला. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बोटीवर साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढाच प्रवास त्यांनी केला. पुढे जाण्याचा योग आला होता, पण वरिष्ठांची तार आली की, उतरा. ते उतरले, बोट बुडाली, त्यांचे फोटो जगभर छापले गेले. परंतु टायटॅनिकपेक्षा मोठे काम त्यांनी नंतर केले. धर्मोपदेशासाठी गावोगाव जावे आणि बरोबर कॅमेरा न्यावा, असा त्यांचा क्रम होता. १९६० साली ते वारले. त्यानंतर त्यांची पेटी पंचवीस वर्षे तशीच पडून होती. १९८५ साली त्यांच्याच पंथाच्या एका पाद्र्याने ती उघडली, तेव्हा आत सुमारे ४२,००० निगेटिव्ह निघाल्या. त्यांतल्या जुन्या फिल्म खराब होऊ लागल्या होत्या. आणखी काही वर्षे पेटी बंद राहती, तर हाही दप्तरखाना गेला असता, तोही तोफेवाचून.

श्रोतेहो, दप्तर जळाले तर देश हळहळतो; पेटीतले फोटो कुजले तर घरच्यांनाही कळत नाही. आपल्याही घरी अशी पेटी असेल, आणि आज तर खिशातल्या फोनमध्ये हजारो चित्रे आहेत. पण त्यांत कोण आहे, गाव कोणते, साल कोणते, हे कोठे लिहिलेले आहे? आज घरी गेल्यावर एका तरी जुन्या फोटोच्या पाठीवर नाव, गाव आणि साल लिहा. सांगणारे वडीलधारे हयात आहेत तोवर लिहा. एवढे झाले तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.