मनावर-बाघ परिसर : महाआघातापूर्वीच्या जगाचे दफ्तर

मध्य प्रदेशातील धार जिल्हा मराठी वाचकांस पवारांच्या संस्थानामुळे आणि मांडूच्या महालांमुळे परिचित आहे. याच जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेस, मान नदीच्या काठी मनावर हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस कुक्षी आणि बाघ, तर ईशान्येस मांडूचे पठार. या पट्ट्यातील शेतांत आणि ओढ्यांच्या काठांवर डायनासोरांची अश्मीभूत अंडी सापडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एका लघुग्रहाच्या आघाताने जे जीवविश्व संपले, त्याच्या अखेरच्या पर्वाचा हा पुरावा होय.

आघाताची जागा

हा लघुग्रह कोसळला तो मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर. त्याचा व्यास दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक असावा. त्याने खोदलेल्या चिक्सुलुब विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर आहे. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. त्यावर नंतरच्या काळातील चुनखडीचा जाड थर साचला असून, विवराच्या कडेवर वर्तुळाकार पसरलेल्या नैसर्गिक विहिरी एवढीच त्याची भूपृष्ठावरील खूण आहे. १९८० साली लुइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह इटलीतील गुब्बिओ येथील खडकांत इरिडियम या धातूचे असाधारण प्रमाण दाखवून लघुग्रहाचा सिद्धांत मांडला. १९९१ मध्ये विवराची ओळख पटली आणि २०१६ मध्ये समुद्रतळातून खोदकाम करून त्याच्या गाभ्यातील खडकांचे नमुने काढण्यात आले. ही कथा सांगणारे चिक्सुलुब विवर विज्ञान संग्रहालय युकातानची राजधानी मेरिदाजवळ आहे. आघात कसा झाला, हे तेथे समजते. आघातापूर्वी भारतभूमीवर कोण वावरत होते, याचे उत्तर मात्र मनावर-बाघ परिसरात शोधावे लागते.

मांडूचे संग्रहालय आणि बाघचे उद्यान

मांडू येथील डायनासोर जीवाश्म संग्रहालयात याच परिसरात मिळालेली अंडी व इतर जीवाश्म मांडलेले आहेत. बाघजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहून थोडे कमी आहे. प्रथम मांडूचे दालन आणि मग बाघचा परिसर, असा क्रम ठेवल्यास उघड्या खडकात काय पाहावे हे कळते. अन्यथा अंडे आणि साधा गोटा यांत फरक करणे अनभ्यस्त नजरेला कठीण जाते. अंड्याचा आकार गोल असतो, व्यास साधारणतः १५ ते १७ सेंटिमीटर. फुटलेल्या जागी कवचाची पातळ कड वेगळी उठून दिसते आणि कवचाच्या पृष्ठावर बारीक दाणे आढळतात.

येथील खडकांचा क्रमही ध्यानात घ्यावा. सर्वांत खाली वालुकाश्म. बाघची सुप्रसिद्ध बौद्ध लेणी याच खडकात कोरलेली आहेत. त्यावर बाघ थरांची चुनखडी. नर्मदेच्या खोऱ्यात त्या काळी समुद्र शिरला होता, म्हणून तीत शार्कचे दात, कालवे व समुद्रसाळिंदरांचे अवशेष मिळतात. त्यानंतरचे लमेटा थर हे अंड्यांचे घर. त्यांना जबलपूरनजीकच्या लमेटा घाटाचे नाव मिळाले असून, त्याच जबलपूर परिसरात १८२८ मध्ये स्लीमन यांना भारतातील पहिले डायनासोर जीवाश्म सापडले होते. सर्वांत वर दख्खनच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. एकाच टेकडीच्या चढावर समुद्र, भूमी आणि अग्नी यांचा असा क्रम दिसतो.

शाळाशिक्षकाचे संशोधन

या जीवाश्मांकडे देशाचे लक्ष वेधण्यात मनावरजवळील बाकानेर येथील उच्च माध्यमिक शाळेचे शिक्षक विशाल वर्मा यांचा मोठा वाटा आहे. २००७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुक्षी-बाघ परिसरातील शंभरावर अंडी प्रकाशात आणली. पुढे दिल्ली विद्यापीठातील संशोधकांसमवेत त्यांनी केलेला अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद आहे. ही अंडी टायटनोसॉर या लांब मानेच्या, शाकाहारी, महाकाय डायनासोरांची होत. मगरीप्रमाणे उथळ खड्ड्यात अंडी घालून ती पुरण्याची त्यांची रीत असावी. घरटी इतकी दाटीने आहेत की त्यांच्यामधून मोठ्या प्राण्यास वावरणे अवघड होते. यावरून मातापिता पिलांची राखण करीत नसावेत असा निष्कर्ष निघतो. पाडल्या येथे तर अंड्याच्या आत दुसरे अंडे असल्याचे २०२२ मध्ये नोंदवले गेले. हा दोष एरवी पक्ष्यांत आढळतो.

आघात की लाव्हा?

डायनासोरांच्या अंतास केवळ लघुग्रह कारणीभूत, की दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांचाही त्यात भाग होता, हा वाद अद्याप पूर्णतः मिटलेला नाही. उद्रेक आघातापूर्वीच सुरू झाले होते आणि नंतरही चालू राहिले. त्यांतील किती लाव्हा आधी व किती नंतर बाहेर पडला, यावर २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष भिन्न आहेत. कच्छमधील अंजार येथे लाव्ह्याच्या थरांमधील गाळात इरिडियम आढळले, त्यामुळे भारतीय खडकांचे महत्त्व अधिक वाढले. याच लाव्ह्याची दक्षिणेकडील कड गोव्याच्या ईशान्य भागात, सत्तरी तालुक्यात, पाहावयास मिळते. मनावरची घरटी नेमकी आघाताच्या दिवसाशी जोडता येत नाहीत. परंतु लाव्ह्याखाली दडलेले ते जीवन कसे होते, हे त्यांच्यावाचून कळणार नाही.

लोणारविषयी एक खुलासा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचा या घटनेशी संबंध नाही. लोणारचे विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून फार मोठा काळ लोटल्यावर निर्माण झाले. त्याचे वय एका मापनाने सुमारे ५२ हजार, तर दुसऱ्याने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे येते. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चिक्सुलुबचे विवर गाडले गेले असल्याने आघाताचे स्वरूप डोळ्यांनी पाहण्यासाठी मराठी प्रवाशास लोणारइतके सोयीचे ठिकाण नाही. मध्य प्रदेशातच, शिवपुरी जिल्ह्यात, ढाला येथे याहून कितीतरी प्राचीन आघातविवर आहे. मनावर परिसरात मात्र विवर नाही.

जतनाचा प्रश्न

डिसेंबर २०२३ मध्ये पाडल्याच्या ग्रामस्थांची एक हकिकत सर्वत्र प्रसिद्ध झाली. शेतात मिळालेले गोल दगड ते ‘काकड भैरव’ म्हणून, शेताचे व गुराढोरांचे रक्षण करणारा देव मानून पूजत होते. तज्ज्ञांनी ती टायटनोसॉरची अंडी असल्याचे सांगितले. या श्रद्धेची थट्टा करणे योग्य नव्हे. पूजेत ठेवलेला दगड कोणी फोडत नाही, हेही खरे. मात्र अंडे मूळ जागेवरून हलले की शेजारच्या अंड्यांपासूनचे अंतर, घरट्याची रचना आणि थराचा पुरावा नाहीसा होतो. ९२ घरट्यांचा अभ्यास शक्य झाला तो ती जागच्या जागी होती म्हणूनच.

राष्ट्रीय उद्यानास १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाचे संरक्षण आहे. हद्दीबाहेरच्या शेतांना ते लाभत नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, ही या दिशेने झालेली दखल होय. तोवर नांगर, खाणकाम आणि हौशी संग्राहक यांपासून ही घरटी वाचविण्याचा भार स्थानिक ग्रामस्थ व शिक्षकांवरच आहे. भेट देणाऱ्याने थंडीचे दिवस निवडावेत, शेतात पाऊल टाकण्यापूर्वी मालकाची अनुमती घ्यावी, जाणकार स्थानिकास सोबत न्यावे आणि छायाचित्राखेरीज काहीही उचलू नये. नवा अवशेष नजरेस पडल्यास तो तेथेच राहू देऊन जागेची नोंद संग्रहालयास अथवा वनखात्यास कळवावी.