अर्धशिशीवरील उताऱ्याचा शोध

काही दुखण्यांना खूण असते. जखमेला रक्त असते, तापाला अंगाची ऊब असते, मोडलेल्या हाडाला सूज असते. अर्धशिशीला अशी कोणतीच खूण नसते. कपाळाची एक बाजू घणाचे घाव बसावेत तशी ठणकते, उजेड सोसवत नाही, अन्नाचा वास नकोसा होतो. आणि दुसऱ्या दिवशी तेच माणूस कामाला लागलेले दिसते. त्यामुळे या रोग्यांना, त्यातही स्त्रियांना, वेदनेबरोबर अविश्वासही सोसावा लागला. या वेदनेवर उतारा कसा सापडला, हा इतिहास म्हणूनच केवळ औषधांचा नाही. तो विश्वासाचाही आहे.

नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरील लोधीखेडा, सौंसर आणि पश्चिमेकडील पांढुर्णा हा मराठी बोलणारा पट्टा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली त्याचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी मराठी घरांतील दुखण्यांची नावे बदलली नाहीत. ‘अर्धशिशी’ हा शब्द अर्ध्या शिराचे दुखणे सांगतो. ग्रीक वैद्यांचा ‘हेमिक्रेनिया’ हा शब्दही हेच सांगतो, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन ‘मायग्रेन’ झाला. दोन दूरच्या लोकांनी एकाच दुखण्याला एकाच अर्थाचे नाव द्यावे, हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा होय.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतील ‘अर्धावभेदक’ हा अर्ध्या डोक्यात भोसकल्यासारखी वेदना करणारा, भोवळ आणणारा आणि पंधरा किंवा दहा दिवसांनी अकस्मात उलटणारा असा वर्णिला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही तो येतो. आणि या ग्रंथावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. निरीक्षण असे सूक्ष्म होते. उपायही होते: नस्य, काढे, लेप. घरोघरी सुंठ उगाळून कपाळाला लावीत आणि डोके फडक्याने आवळून बांधीत. थोडे बरे वाटे. पण झटका थांबवील असे हुकमी औषध हाती नव्हते.

ते आले एका विषातून. युरोपात राय या धान्याच्या कणसांवर अरगट नावाची बुरशी पडते. मध्ययुगात अशा धान्याची भाकरी खाऊन लोकांची बोटे काळी पडून झडत, कारण अरगटाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अरगटाचीच एक जात बाजरीवर पडते. १९५६-५७ च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाल्ल्याने मळमळ, वांत्या, भोवळ आणि गुंगी यांची साथ उद्भवली होती. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे दाणे काढून टाकण्याची शिकवण शेतकऱ्याला दिली जाते ती यासाठीच. बाजरीच्या अरगटातील द्रव्ये मात्र निराळी. औषध निघाले ते रायच्या अरगटातून.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही युरोपीय वैद्यांनी अरगटाचा अर्क अर्धशिशीवर देऊन पाहिला. १९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आर्थर स्टोल यांनी त्यातून ‘एर्गोटामीन’ शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि मात्रा मोजून देणे शक्य झाले. झुरिकचे हान्स मायर यांनी ते १९२५ च्या सुमारास अर्धशिशीच्या रोग्यांना दिले. १९३८ साली अमेरिकेत ग्रॅहम आणि वुल्फ यांनी दाखवून दिले की, हे औषध देताच कानशिलावरील रक्तवाहिनीचे उसळणे मंदावते आणि त्याबरोबर वेदनाही ओसरते. अदृश्य वेदनेचा आलेख प्रथमच कागदावर उमटला.

तथापि एर्गोटामीनने मळमळ वाढे, हृदयविकाराच्या रोग्यांना ते घातक ठरे, आणि वारंवार घेतल्यास डोकेदुखी उलट बळावे. पुढे ‘सेरोटोनिन’ या शरीरातील द्रव्याचा या दुखण्याशी संबंध दिसला. त्या धाग्यावरून इंग्लंडमध्ये पॅट्रिक हम्फ्री यांच्या गटाने ‘सुमाट्रिप्टान’ तयार केले. ते १९९१ साली युरोपात प्रथम मिळू लागले. दरम्यान १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांना झटक्याच्या वेळी मानेतील शिरेच्या रक्तात ‘सीजीआरपी’ हे द्रव्य वाढलेले आढळले. चेहरा व कपाळ यांची संवेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतू ते सोडतात. दोष केवळ रक्तवाहिन्यांचा नव्हे, हे त्यातून उघड झाले. त्या द्रव्याचे कार्य अडवून झटकेच टाळणारी पहिली लस-सुई २०१८ साली अमेरिकेत संमत झाली. वस्तुतः ती लस नव्हे, प्रतिपिंडाचे इंजेक्शन आहे.

या प्रवासात उतारा आधी सापडला आणि कारण मागाहून कळले. कोणतेही औषध सर्वांना लागू पडत नाही. जे लागू पडते, तेही झटक्याच्या आरंभीच घ्यावे लागते. आणि ट्रिप्टान महिन्यातून दहा दिवस किंवा साधी वेदनाशामके पंधरा दिवस घेत राहिल्यास औषधच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. म्हणून वैद्याचा सल्ला हवाच. परंतु त्याही आधी घरच्या माणसांनी ‘डोके दुखते’ हे शब्द खरे मानावयास हवेत. सुश्रुताने ते खरे मानले, म्हणूनच त्याला ते लिहून ठेवावेसे वाटले.