घसरत्या स्वराचा माग : स्पुत्निक नेमका कोठे होता?

४ ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत संघाने कझाकस्तानातील त्युरातम येथून ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलो वजनाचा धातूचा एक गोळा अंतराळात धाडला. त्याचे नाव स्पुत्निक. दर ९६ मिनिटांनी तो पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करू लागला आणि त्याची 'बीप-बीप' जगभरच्या रेडिओ-शौकिनांच्या यंत्रांवर उमटू लागली. तो आहे, हे सर्वांना ऐकू येत होते. तो नेमका कोठे आहे, हे सांगणे मात्र सोपे नव्हते. (धागा)

अमेरिकेजवळ उपग्रहांचा माग काढणारी यंत्रणाच नव्हती, असे नाही. 'मिनिट्रॅक' नावाच्या केंद्रांची उत्तर-दक्षिण साखळी तिने उभारत आणली होती. पण अमेरिकेचा स्वतःचा नियोजित उपग्रह १०८ मेगाहर्ट्झवर संदेश धाडणार, म्हणून ही केंद्रेही तेवढ्याच वारंवारतेसाठी बांधलेली. स्पुत्निक बोलत होता २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास! गंमत अशी, की हे गुपित नव्हतेच. 'रादिओ' या सोव्हिएत मासिकात या वारंवारता त्याच उन्हाळ्यात छापून आल्या होत्या. गुप्तहेरांची फौज बाळगणाऱ्या राष्ट्राने उघड्या बाजारात मिळणारा अंक पुरेशा गांभीर्याने घेऊ नये, हा त्या काळाचाच एक नमुना म्हणावा लागेल. अखेर काही केंद्रांचे अँटेना घाईघाईने बदलावे लागले.

दुसरा मार्ग डोळ्यांचा. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी 'मूनवॉच' या नावाने हौशी निरीक्षकांची पथके आधीच तयार ठेवली होती. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, जमिनीवर अंधार आणि वर मात्र ऊन असताना, ही मंडळी दुर्बिणी रोखून आणि हातात स्टॉपवॉच धरून बसत. पुढे १९५८ मध्ये व्हिपल यांच्याच योजनेतील बेकर-नन कॅमेरे जगात १२ ठिकाणी बसले. त्यांपैकी एक आपल्या नैनितालच्या वेधशाळेत होता. स्पुत्निकच्या बाबतीत मात्र डोळ्यांनी बरेच फसवले. आकाशात सरकणारा जो ठिपका पाहून लोक थक्क झाले, तो बहुतेक वेळा उपग्रह नव्हता. त्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा, मागोमाग फिरत राहिलेला सांगाडा होता.

ज्यांच्याकडे ना दुर्बीण होती ना अँटेनांची साखळी, अशा दोघांनी या कोड्याला वेगळ्याच बाजूने हात घातला. मेरीलँडमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरी. सोमवार, ७ ऑक्टोबर. दुपारच्या जेवणाच्या गप्पांत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या तरुण शास्त्रज्ञांना नवल वाटले, की इतक्या मोठ्या प्रयोगशाळेत स्पुत्निक कोणीच कसा ऐकत नाही? एक रिसीव्हर हाताशी होता. प्रमाण वेळ आणि प्रमाण वारंवारता प्रसारित करणारे सरकारी केंद्रही जवळच होते. तेही २० मेगाहर्ट्झवर. त्या अचूक लहरीशी स्पुत्निकची लहर ताडून पाहिली, की दोहोंतला फरक कानाला ऐकू येणारा स्वर होऊन येई. तो स्वर त्यांनी वेळेच्या नोंदीसह टेपवर उतरवला.

स्वर स्थिर नव्हता. उपग्रह जवळ येताना तो चढा असे, आणि दूर जाताना काहीशे हर्ट्झने उतरे. फलाटावरून न थांबता धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी जशी आपल्याला ओलांडताच खाली येते, तसाच हा प्रकार. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेला हाच तो परिणाम. यात नवे काही नव्हते. नवे होते ते या दोघांनी त्यातून किती काढून घेतले, ते. स्वर एकूण किती उतरला यावरून वेगाचा अंदाज येतो. तो किती झपाट्याने उतरला यावरून अंतराचा. कारण उपग्रह जवळून गेला तर स्वर एकदम कोसळतो, दुरून गेला तर हळूहळू ओसरतो. शिवाय या आलेखाच्या बारीकसारीक वळणांत कक्षेचा आकार आणि कलही दडलेला असतो. आयनांबरात रेडिओलहरी वाकतात आणि हिशेब बिघडवतात; पण ती बाधा वेगवेगळ्या वारंवारतांवर वेगवेगळी असते, म्हणून दोन वारंवारतांची तुलना करून ती वजा करता येते. अनेक आठवड्यांच्या आकडेमोडीनंतर निष्कर्ष हाती आला : एका जागी बसून, केवळ ऐकून, उपग्रहाची कक्षा ठरवता येते.

तोवर स्पुत्निक मुका झाला होता. २६ ऑक्टोबरला त्याच्या बॅटऱ्या संपल्या आणि ४ जानेवारी १९५८ रोजी तो वातावरणात जळून गेला.

मार्च १९५८ मध्ये याच प्रयोगशाळेतील फ्रँक मॅक्क्लूर यांनी दोघांना बोलावून उलटा प्रश्न केला. ऐकणाऱ्याची जागा ठाऊक असेल तर उपग्रहाची कक्षा सापडते. मग कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याची जागा सापडेल का? प्रश्न निरागस नव्हता. अमेरिकी नौदल पोलारिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या बांधत होते, आणि समुद्रात आपण नेमके कोठे आहोत हे ठाऊक नसलेली पाणबुडी हजारो किलोमीटरवरच्या लक्ष्यावर अण्वस्त्राचा नेम धरणार तरी कशी? उत्तर 'होय' असे आले. त्यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहांवर चालणारी जगातील पहिली दिशादर्शन प्रणाली जन्मली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह १३ एप्रिल १९६० रोजी कक्षेत गेला, १९६४ पासून नौदल तिच्यावर विसंबू लागले, आणि १९९६ मध्ये जीपीएसने तिची जागा पूर्णपणे घेतली.

त्या घसरत्या स्वराला पुढे आणखी एक काम मिळाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स एका गोष्टीवर एकत्र आले : संकटात सापडलेल्या जहाजांचे आणि विमानांचे आर्त संदेश खालच्या कक्षेतील उपग्रहांनी टिपायचे, आणि स्वराच्या उतारावरून ते कोठून आले हे शोधायचे. ३० जून १९८२ रोजी सोव्हिएत संघाने यासाठी 'कॉसमॉस-१३८३' सोडला. त्याच सप्टेंबरात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगराळ भागात एक छोटे विमान कोसळले. सोव्हिएत उपग्रहाने त्याचा संदेश ऐकला, जागा निश्चित झाली, आणि बचाव पथकाला तिघेही जण जिवंत सापडले.