पानांआधी फुलणारा हिमालयातील चाफा

सोनचाफ्याचे फूल ओंजळीत घेताना आपण एका मॅग्नोलियाचा सुगंध घेत आहोत, याची अनेकांना कल्पना नसते. लिनियसने १७५३ मध्ये या वृक्षाचे नाव 'मिशेलिया चंपका' असे ठेवले होते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'मिशेलिया' ही प्रजातीच 'मॅग्नोलिया'त विलीन केली. कवठी चाफाही मॅग्नोलियाच. देवळाच्या आवारातील खुरचाफा मात्र नावापुरता चाफा; त्याचे नाते कण्हेरीशी आहे.

सोनचाफा हिरव्या पानांच्या दाटीत फुलतो. त्याच्याच प्रजातीतील एका वृक्षाचा वसंत पाहायचा तर दार्जिलिंग, सिक्कीमचे डोंगर चढावे लागतात. 'मॅग्नोलिया कॅम्पबेली' हे त्याचे शास्त्रीय नाव. नेपाळी भाषक त्याला 'घोगे चाँप' म्हणतात. साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवरील दमट अरण्यात वाढणारा हा वृक्ष ३० मीटरपर्यंत उंच होतो. हिवाळ्यात त्याची पाने गळतात. थंडीभर लवदार आवरणात मिटून राहिलेल्या कळ्या फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान उमलतात, तेव्हा झाडावर एकही पान नसते. निष्पर्ण फांद्यांच्या टोकांवर वीतभर रुंदीची पांढरी किंवा गुलाबी फुले! बाहेरच्या पाकळ्या बशीसारख्या पसरतात आणि आतल्या पेल्यासारख्या उभ्या राहतात.

'पाकळ्या' हा शब्द येथे सोयीसाठी. मॅग्नोलियाच्या फुलात निदले आणि पाकळ्या असा स्पष्ट भेद बहुधा आढळत नाही. हे कुळ अतिप्राचीन आहे. त्याच्या पूर्वजांची फुले पृथ्वीवर उमलली, तेव्हा आजच्यासारख्या मधमाश्या नव्हत्या. परागीभवनाचे काम भुंगेऱ्यांकडे होते आणि ते आजही मुख्यतः त्यांच्याकडेच आहे. फुलातील स्त्रीकेसर आधी परिपक्व होतात, पुंकेसर नंतर. त्यामुळे दुसऱ्या फुलातून पराग घेऊन आलेला भुंगेरा प्रथम उपयोगी पडतो आणि निघताना नवे पराग अंगावर घेऊन जातो.

या वृक्षाच्या नावात एक विसंगती दडलेली आहे. जोसेफ डाल्टन हूकर १८४८ मध्ये दार्जिलिंगला आला, तेव्हा तेथील अधीक्षक डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल याचे त्याला मोठे साह्य झाले. १८४९ मध्ये दोघांना सिक्कीममध्ये एकत्र कैदही भोगावी लागली. १८५५ मध्ये हूकरने या मित्राचे नाव वृक्षाला दिले. हाच कॅम्पबेल १८४१ मध्ये दार्जिलिंगला चहाची रोपे लावणारा पहिला बागायतदार! पुढे मळे वाढले आणि चहाच्या पेट्या व फळ्यांसाठी याच वृक्षाची बेसुमार तोड झाली. शहराच्या आसपास तो दुर्मीळ होत गेला.

तोडलेल्या झाडाची भरपाई लवकर होत नाही. बियांपासून वाढवलेले रोप फुलण्यास बहुधा २० ते ३० वर्षे लागतात. लावणाऱ्याला फूल दिसेलच याची शाश्वती नसते. मॅग्नोलियाच्या सुमारे ३०० जातींपैकी जवळपास निम्म्या धोक्यात असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात नोंदवले गेले.

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याने या हिमालयीन वृक्षाला विलक्षण मान दिला आहे. तेथील सहा मोठ्या उद्यानांत या जातीच्या ठरावीक झाडांवर प्रत्येकी ५० फुले उमलली की वसंत आल्याचे जाहीर करण्याची प्रथा २०१२ मध्ये सुरू झाली. मात्र एका रात्रीच्या हिमकडाक्याने सारा बहर तपकिरी पडू शकतो, ही धाकधूक बागवानांना दरवर्षी असतेच.

संदकफूच्या पदभ्रमणाला जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांनी मार्च-एप्रिल साधल्यास मानेभंज्यांगपासून पुढच्या चढणीवर ऱ्होडोडेंड्रॉनच्या जोडीने मॅग्नोलियाही दिसतो. झाडाखाली उभे राहून मान मोडण्यापेक्षा तो समोरच्या उतारावरून पाहावा. फुले शेंड्याकडे अधिक असतात. सकाळी लवकर निघणे उत्तम, कारण दुपारनंतर धुके उतरले की पांढरी फुले त्यात हरवून जातात. मग वाटेवर गळून पडलेल्या जाड, मांसल पाकळ्या तेवढ्या हाती लागतात.