स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाचे शीतकरण आणि रेडिएटरवरील नळीजोडणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारगाडीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने इंजिन, उत्पादनपद्धती आणि उद्योगपती यांच्याकडे वेधले जाते. दोन यंत्रणांना जोडणारे लहान सुटे भाग दुर्लक्षित राहतात. स्वयंचलित गिअरबॉक्समधील तप्त तेल रेडिएटरपर्यंत नेणाऱ्या दोन नळ्या व त्यांची रेडिएटरवरील जोडणी हा असाच एक भाग होय. येथे तेल आणि पाणी यांच्यामध्ये केवळ धातूची पातळ भिंत व डाखाचा सांधा असतो. तो सांधा निकामी झाला तर इंजिन व गिअरबॉक्स या दोन्ही महागड्या यंत्रणा एकाच वेळी धोक्यात येतात. अमेरिकेतील मोटार उद्योगाच्या संदर्भात या जोडणीचा विकास येथे तपासला आहे.

उद्दिष्टे :
१. तेलाच्या शीतकरणाची गरज कशी निर्माण झाली, हे पाहणे.
२. नळीजोडणीच्या स्वरूपात झालेले बदल नोंदविणे.
३. या बदलांमागील तांत्रिक व तंत्रबाह्य कारणांचा शोध घेणे.

उष्णतेच्या प्रश्नाचा उगम :
द्रवाच्या साहाय्याने शक्तिवहन करण्याची कल्पना मोटारीसाठी जन्मली नव्हती. जहाजातील वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते, तर पंखा संथ गतीने फिरावा लागतो. ही तफावत दूर करण्यासाठी श्टेटिन येथील व्हल्कान जहाजबांधणी कारखान्यातील अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवचलित शक्तिवहनाचे पेटंट घेतले. पुढे जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी, 'हायड्रामॅटिक' हा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ व एम-२४ या हलक्या रणगाड्यांत त्याचा वापर झाला. युद्धानंतर १९४८ च्या ब्यूक गाड्यांत 'डायनाफ्लो', १९५० मध्ये शेव्हरोलेचा 'पॉवरग्लाइड' आणि १९५१ मध्ये 'फोर्डोमॅटिक' असे टॉर्क कन्व्हर्टर असलेले प्रकार आले. परिणामी सर्वसामान्य ग्राहकही क्लचच्या पायपट्टीपासून मुक्त झाला.

या सुखसोयीची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागली. टॉर्क कन्व्हर्टरमधील दोन चक्रांच्या वेगात नेहमी थोडा फरक राहतो आणि त्या फरकात वाया जाणारी शक्ती तेल तापविते. चढणीवर, शहरातील गर्दीत किंवा मागे ओझे जोडलेले असताना हे प्रमाण वाढते. अतितप्त तेल काळवंडते, त्याचा चिकट थर झडपांवर बसतो आणि रबरी सील कडक होतात. सुरुवातीच्या काही प्रकारांत कन्व्हर्टरच्या आवरणावरील पात्यांनी हवा खेळवून तेल थंड करीत. परंतु इंजिनांची शक्ती वाढत गेली तशी ही योजना अपुरी ठरली.

नळीजोडणीचे स्वरूप :
यावर सर्वमान्य झालेला उपाय म्हणजे रेडिएटरच्या थंड बाजूच्या टाकीत तेलाचा लहान कुलर बसविणे. उभ्या प्रवाहाच्या रेडिएटरमध्ये ही जागा खालच्या टाकीत, तर आडव्या प्रवाहाच्या रेडिएटरमध्ये बाजूच्या टाकीत असे. या रचनेचा आणखी एक लाभ होता. थंडीत पाणी तेलाच्या आधी तापत असल्याने तेच तेलाला ऊब देई.

कुलरपर्यंत तेल नेण्यासाठी सामान्यतः ५/१६ किंवा ३/८ इंच व्यासाच्या पोलादी नळ्या वापरल्या गेल्या. नळीचे टोक ४५ अंशांत फुलवून ते नटाने पितळी बैठकीवर आवळले जाई. फुलविताना पोलादाला चीर पडू नये म्हणून टोकाची कडा आत दुमडून दुहेरी केली जाई. येथे रबराची वा कागदाची गास्केट नसते. धातूवर धातू दाबूनच सांधा तेलबंद होतो. म्हणूनच नट सोडविताना एका पान्याने रेडिएटरवरील बैठक धरावी व दुसऱ्याने नट फिरवावा, हा कार्यशाळेतील नियम रूढ झाला. तो मोडल्यास बैठकीबरोबर आतील कुलर पिळवटतो आणि डाख सुटतो. बाहेरून काहीही दिसत नाही. आत मात्र तेल व पाणी एकत्र येऊन गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक असल्याने ते पाण्यात शिरते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब ओसरतो, पण तप्त पाण्याचा दाब टिकून राहतो आणि प्रवाह उलटतो. पाणी लागताच क्लचपट्ट्यांवरील कागदी अस्तर सुटू लागते.

व्हेलचे तेल आणि डाखाचा सांधा :
या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण १९७० च्या दशकातील आहे. जनरल मोटर्सच्या १९४९ च्या 'टाइप ए' तेलापासून पुढे क्लचपट्ट्यांची पकड सौम्य राहावी म्हणून स्पर्म व्हेलपासून मिळणारे तेल मिसळले जात असे. अमेरिकेच्या १९६९ च्या संकटग्रस्त प्रजातीविषयक कायद्यान्वये १९७० मध्ये या व्हेलचा सूचीत समावेश झाला व हा पुरवठा खुंटला. त्यामुळे तेलाचे नवे मिश्रण करावे लागले. 'डेक्सरॉन-२' या मालिकेतील आरंभीचे मिश्रण कुलरमधील डाखाला गंज आणणारे ठरले. अखेरीस गंजरोधक घटक मिसळून सुधारित तेल आणले गेले. समुद्री प्राण्याच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्याचे पडसाद असे रेडिएटरच्या टाकीतील एका सांध्यापर्यंत पोहोचले.

उत्तरकालीन बदल :
पुढे तांबे-पितळेच्या रेडिएटरची जागा ॲल्युमिनियमची जाळी व प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या रेडिएटरने घेतली. कुलरची तोंडे आता प्लास्टिकच्या भिंतीतून बाहेर येऊ लागली आणि तेथे सील आवश्यक झाले. स्प्रिंगची पकड व रबरी कडे असलेली, दाबून बसणारी जोडणीही प्रचारात आली. तिच्यामुळे कारखान्यातील जुळणी जलद झाली. नट आवळण्याचे कौशल्य अनावश्यक ठरले. परंतु सांध्याचे आयुष्य धातूच्या बैठकीऐवजी रबराच्या लवचिकतेवर अवलंबून राहिले.

निष्कर्ष :
१. द्रवचलित शक्तिवहनातील अटळ ऊर्जाहानीतून तेलाच्या शीतकरणाची गरज निर्माण झाली.
२. जोडणीतील बदल केवळ तांत्रिक प्रगतीने नव्हे, तर उत्पादनखर्च, उपलब्ध द्रव्ये आणि कायदे यांच्या एकत्रित प्रभावाने घडले.
३. प्रत्येक बदलाने जुना धोका नाहीसा केला नाही. तो कारागिराच्या हातातून द्रव्याच्या गुणधर्मांकडे सरकविला.

यंत्राचा इतिहास समजून घेताना त्याच्या मुख्य भागांइतकेच सांध्यांचेही वाचन करणे अगत्याचे आहे, कारण एका क्षेत्रातील निर्णयाचे परिणाम दुसऱ्या क्षेत्रात सर्वप्रथम प्रकट होतात ते बहुधा अशा सांध्यांवरच.